हंसाबेनना मानपत्र, पण कशाबद्दल?

आपल्या मंडळांत शाल, श्रीफळ आणि मानपत्राची वानवा कधीच नसते. वर्धापनदिन असो, गणेशोत्सव असो, कोजागिरी असो, कुणाचा ना कुणाचा सत्कार ठरलेला. सत्कारमूर्ती कुलगुरू असतील तर व्यासपीठाला आणखीच शोभा येते. मग मानपत्रात त्यांच्या कारकिर्दीत किती इमारती उभ्या राहिल्या, किती अभ्यासक्रम सुरू झाले, नॅकची श्रेणी कोणती मिळाली, हे ओळीने येते. त्या कुलगुरूंच्या काळात एखाद्या विद्यार्थ्याला किंवा प्राध्यापकाला वेगळे मत मांडताना धास्ती वाटत होती की नाही, हा मुद्दा मात्र कुठल्याही मानपत्राच्या मसुद्यात आमच्या पाहण्यात आलेला नाही.

म्हणूनच यंदा एक सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या नावाने मंडळाने एक सन्मान सुरू करावा, आणि तो व्यक्तिस्वातंत्र्याची बूज राखणाऱ्या विद्यापीठप्रमुखाला द्यावा. सूचना कानावर जाताच कुजबूज सुरू झाली. हंसाबेन गुजराती, आपली माणसे काय थोडी आहेत, असे एक म्हणणे. मंडळाचे काम भाषा आणि संस्कृती टिकवण्याचे, व्यक्तिस्वातंत्र्य वगैरे वकिलांचे विषय, असे दुसरे. पहिल्याला उत्तर सोपे आहे. दुसरे म्हणणे जास्त खोल जाते, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना हंसाबेन परक्या कधीच नव्हत्या. त्यांचे वडील मनुभाई मेहता सयाजीराव महाराजांचे दिवाण. आजोबा नंदशंकर यांनी ‘करण घेलो’ ही गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिली. हंसाबेन १८९७ साली सुरतेस जन्मल्या, बडोदा कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि पुढे इंग्लंडला गेल्या. १९२४ साली त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी लग्न केले. मुलगी नागर ब्राह्मण, मुलगा वैश्य. आज हे वाचून कुणाची भुवई उंचावणार नाही, पण त्या काळी नागर ज्ञातीत मोठी खळबळ झाली. महाराज या विवाहाच्या बाजूने होते. ज्या राज्याने १९०४ मध्ये बालविवाहाला कायद्याने बंदी केली आणि पुढे १९३१ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला, त्या राज्याच्या धन्याला शोभेसेच ते वागणे होते.

पण इथे सयाजीरावांची आरती ओवाळून थांबणे आम्हाला बरे वाटत नाही. याच महाराजांनी १९१३ साली ज्या तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, ते डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा या शहरात त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत जात लपवून काढलेले दिवस, आणि ती उघड झाल्यावर अंगावर धावून आलेला जमाव, हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दरबाराच्या कचेऱ्यांत त्या वेळी मराठी कुटुंबांतली माणसे पुष्कळ होती. त्यांच्यातही त्यांना छप्पर देणारा घरमालक निघाला नाही. राजा उदार असून भागत नाही, आणि कायदा चांगला असूनही भागत नाही. ज्ञाती आणि शेजारपाजार यांच्यापुढे एकटा माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्या पाठीशी कोण, हा खरा प्रश्न असतो. हंसाबेनांनी आयुष्यभर हाच प्रश्न निरनिराळ्या सभागृहांत लावून धरला.

त्या १९३० आणि १९३२ च्या सत्याग्रहांत तुरुंगात गेल्या, मुंबईच्या कायदेमंडळात बसल्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. परिषदेने १९४६ मध्ये स्त्रियांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची जी सनद तयार केली, तिच्यामागे त्यांचा हात होता. घटना समितीत त्या मुंबईतून निवडून आल्या. डिसेंबर १९४६ मधील त्यांचे भाषण जिज्ञासूंनी मुळातून वाचावे. स्त्रियांच्या संघटनेने राखीव जागा मागितल्या नाहीत, स्वतंत्र मतदारसंघ मागितले नाहीत, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय तेवढा मागितला, असे त्यांनी ठणकावून सांगितले. राखीव जागांविषयीचे त्यांचे मत आज सर्वांना पटेल असे नाही, आम्हालाही ते सर्वस्वी पटत नाही. पण सवलत नको, बरोबरी हवी, हा त्यामागचा ताठ कणा ओळखता आला पाहिजे. पुढे १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज घटना समितीला अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला. शाळांच्या भिंतींवर त्यांचे नाव आढळते ते बहुधा एवढ्याच प्रसंगापुरते.

त्याहून महत्त्वाचे काम मूलभूत हक्कांच्या उपसमितीत झाले, आणि ते कुठल्या चित्रात सापडत नाही. धर्माचरणाचे स्वातंत्र्य हा मूलभूत हक्क असावा असे ठरत असताना हंसाबेन आणि राजकुमारी अमृत कौर यांनी हरकत घेतली. मोकळ्या धर्माचरणाच्या नावाखाली सती, देवदासी, पडदा अशा चाली पुन्हा डोके वर काढतील आणि त्यांच्याविरुद्ध केलेले कायदे कोलमडतील, ही त्यांची भीती होती. आज घटनेच्या २५ व्या कलमात धर्मस्वातंत्र्याच्या जोडीला समाजसुधारणेचे कायदे करण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. देवळाचे दार सर्व हिंदूंना उघडे करणारे कायदे याच मुभेवर उभे आहेत. समान नागरी कायदा उपसमितीत मताधिक्याने मागे पडला, तेव्हा मिनू मसानी, अमृत कौर आणि हंसाबेन यांनी आपले वेगळे मत लेखी नोंदवले.

समान नागरी कायद्याचे नाव काढले की लगेच आजचे राजकारण आठवते, म्हणून एक खुलासा करतो. हंसाबेनांना तो कायदा हवा होता, कारण धर्म कोणताही असो, स्त्रीला व्यक्ती म्हणून हक्क मिळावेत असे त्यांना वाटे. उत्तराखंडाने २०२४ साली याच नावाचा कायदा केला. त्यात लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनी सरकारदरबारी नोंद केलीच पाहिजे, अशी सक्ती आहे. व्यक्तीला ज्ञातीच्या तावडीतून सोडवून तलाठ्याच्या वहीत अडकवायचे, यात हंसाबेनांचा विचार कुठे आहे ते आम्हाला दिसत नाही. नाव एक, हेतू दोन. असो.

हंसाबेनांची जगभर नोंद झाली ती मात्र एका शब्दामुळे. १९४७ आणि १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. आयोगात स्त्री प्रतिनिधी दोनच, अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट आणि हंसाबेन. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात, सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. त्या भाषेत पुरुष म्हणजेच माणूस असा जुना प्रघात आहे आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही तोच शब्द आहे, त्यामुळे पुष्कळांना त्यात वावगे काही दिसले नाही. हंसाबेनांना दिसले. कितीतरी देशांत या शब्दाचा आधार घेऊन उद्या स्त्रियांना वगळले जाईल, असा त्यांचा आग्रह राहिला. अखेर तिथे ‘सर्व मानवी व्यक्ती’ असे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला तो जाहीरनामा ४८ मतांनी संमत झाला. विरोधात एकही मत नव्हते, ८ देश तटस्थ राहिले.

हे काम ताजे असतानाच बाई बडोद्याच्या विद्यापीठात आल्या. त्याआधी, १९४६ मध्ये, त्या कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या होत्या. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि विद्यापीठ त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलला अस्तित्वात आले. संस्थान जाता जाता विद्यापीठ ठेवून गेले, असे जुनी मंडळी म्हणत ते यामुळेच. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या कुलगुरुपदी भारतात स्त्री बसली ती प्रथम इथे. १९५८ पर्यंत त्या पदावर होत्या.

ती नऊ वर्षे पाहिली की विद्यापीठप्रमुख स्वातंत्र्यासाठी नेमके काय करू शकतो हे कळते. गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली तेव्हा बायकांना स्वयंपाक शिकवायला विद्यापीठ कशाला, अशी थट्टा झाली नसती तरच नवल. प्रत्यक्षात त्या शाखेने आहारशास्त्र, बालविकास हे विषय पदवीच्या पातळीला नेले, आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलींना कॉलेजच्या पायऱ्या चढण्याचे घरच्यांना पटेल असे निमित्त दिले. समाजकार्याची शाखा आली. आणि १९५० मध्ये ललित कलांची विद्याशाखा उघडली. चित्रकला, शिल्पकला यांना कारागिरीच्या शाळेतून उचलून विद्यापीठाच्या पदवीला बसवणे हे धाडस होते. चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले ते नारायण श्रीधर बेंद्रे, आपल्या इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतले. शिल्पकलेला शंखो चौधरी आले, नंतर के. जी. सुब्रमण्यन आले. मराठी, बंगाली, मल्याळी मुलखातले शिक्षक एका गुजराती बाईंच्या कारभारात एकत्र शिकवत होते, आणि ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली घडत होते. अमुकच शैलीत रंगवा, असे त्या आवारात कुणी सांगितले नाही. बडोद्याच्या चित्रकारांची एक शाळा म्हणून जगात नाव झाले, पण त्यातल्या दोघांचे चित्र एकसारखे नाही.

भाषेचाही विषय इथेच येतो, आणि तो आपल्या वाचकांच्या घरातला आहे. बडोद्याचे विद्यापीठ सुरुवातीपासून इंग्रजी माध्यमाचे राहिले. शेजारच्या गुजरात विद्यापीठाने गुजराती आणि हिंदी ही माध्यमे सक्तीची करायला घेतली. १९६० साली मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला एक मुलगा अहमदाबादच्या कॉलेजात दाखल झाला होता. पहिले वर्ष इंग्रजीतून शिकल्यावर पुढच्या वर्षी त्याला इंग्रजी तुकडीत बसू देण्यास विद्यापीठाने मनाई केली. वडील उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. विद्यापीठाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. सप्टेंबर १९६२ मध्ये निकाल लागला, न्या. सुब्बाराव यांचे मत वेगळे पडले, पण बहुमताने ठरले की एकच माध्यम सक्तीने लादण्याचा अधिकार त्या विद्यापीठाला कायद्याने मिळालेला नाही. हा खटला कुठल्या समाजाने लढवला नाही. एका बापाने आपल्या मुलापुरता लढवला, आणि त्याचा लाभ हजारोंना झाला. बेळगाव, निपाणीच्या वाचकांना यातले मर्म समजावून सांगायला नको.

म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य हा वकिलांचा विषय, हे म्हणणे आपल्यासारख्यांच्या तोंडी तरी शोभत नाही. आपण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहणारे. बहुसंख्यांचे राज्य आणि बहुसंख्यांची भाषा यांत आपल्या मुलाला त्याच्या मर्जीचे शिक्षण मिळते ते त्याला व्यक्ती म्हणून हक्क आहे म्हणून. मराठी समाज म्हणून दिलेल्या निवेदनांचे काय होते, ते आपल्या मंडळांच्या दप्तरात पाहावे. कागद तिथे जपून ठेवलेले आहेत.

याची दुसरी बाजू थोडी अवघड आहे. जो हक्क बाहेरच्या बहुमतापुढे आपल्याला हवा, तोच आपल्या घरातल्या मुलीला आपल्यापुढे हवा असतो. २०२३ साली गुजरातेत प्रेमविवाहाला आईबापांची संमती सक्तीची करावी ही मागणी जोरात होती, आणि घटनेत बसत असेल तर विचार करू, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर मेळाव्यात सांगितले होते. आपल्या मंडळांतही त्या वेळी माना डोलावणारे होते, आपण त्यांना ओळखतो. तो नियम १९२४ मध्ये असता आणि संमती देणारी ज्ञाती असती, तर हंसाबेनांचे लग्न झाले नसते. वधूवर मेळाव्याचे अर्ज आपले मंडळ छापते, त्यात पोटजातीचा रकाना अजून आहे. तो रकाना ठेवून हंसाबेनांच्या नावाचा सन्मान कसा द्यायचा, असा खोचक प्रश्न एका सभासद भगिनींनी आम्हाला विचारला. प्रश्न रास्त आहे. रकाना काढावा, असे आमचे मत आहे.

आता त्यांच्याच विद्यापीठाची पुढची कथा. मे २००७ मध्ये ललित कला शाखेत वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांनी धर्मभावना दुखावल्याची तक्रार झाली, बाहेरची माणसे आवारात शिरली आणि पोलिसांनी त्या मुलाला अटक केली. त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. निषेध म्हणून इतर विद्यार्थ्यांनी भारतीय परंपरेतल्या शृंगारिक शिल्पांच्या आणि चित्रांच्या प्रतिमा लावून प्रदर्शन मांडले. प्रशासनाने ते बंद करा म्हटले. प्रभारी अधिष्ठाते प्रा. शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला. निलंबन झाले ते पणिक्करांचे.

ती चित्रे आवडावीत असा आमचा मुळीच आग्रह नाही. घरात लावण्यासारखी ती नसतील. पण परीक्षेचे काम परीक्षकांनी पाहायचे असते. ते खराब असेल तर त्याला कमी गुण द्यावेत, नापास करावे. त्यासाठी फौजदार बोलवायची रीत ज्या आवारात पडली, तिथे बेंद्र्यांनी आणि शंखोदांनी शिकवले होते, ही गोष्ट मनाला लागते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हंसाबेनांचे नाव आहे. नाव देऊन झाले की माणसाचे म्हणणे विसरायला मोकळे, असा आपल्याकडचा एकूण रिवाज दिसतो. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट गेले व त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. सिनेटच्या निवडणुकांत गटबाजी होती, भांडणे होती, हे खरेच. पण जुन्या पदवीधरांना, त्यांत आपल्या कितीतरी घरांना, कुलगुरूंना जाब विचारण्याची एक जागा होती. ती गेली. आता कुलगुरूच्या मनाचा मोठेपणा जास्त मोलाचा झाला, कारण त्याला अडवणारे कमी झाले.

सन्मान सुरू करावा तो अशा वेळी. फक्त त्याची रीत नेहमीची नसावी. पदावर असलेल्या कुलगुरूला तो देऊ नये. सत्तेवरच्या माणसाला शाल घालण्यात प्रवेशाची, नेमणुकीची, निदान सभागृह फुकट मिळण्याची आशा दडलेली असते, आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पद सोडून पाच वर्षे झाली की मग विचार व्हावा. कुलगुरूच कशाला, प्राचार्य किंवा अधिष्ठाताही चालावा. सत्कारमूर्ती मराठी असण्याची अट नको. आणि मानपत्राचा मजकूर आपण लिहू नये. त्या माणसाच्या कारकिर्दीत जो त्याच्या विरोधात उभा राहिला, ज्याने त्याच्या कारभारावर टीका केली, मोर्चा काढला, अशा एका विद्यार्थ्याला किंवा प्राध्यापकाला विचारावे की तुम्ही विरोध केल्यावर यांनी तुमच्याशी कसे वर्तन केले. तो जे सांगेल ते मानपत्र. असा एकही साक्षीदार मिळाला नाही, तर त्या वर्षी शाल कपाटात राहू द्यावी.

हंसाबेन ४ एप्रिल १९९५ रोजी, ९७ व्या वर्षी गेल्या. सन्मानासाठी त्यांचा स्मृतिदिन घ्यावा की १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन, यावर दोन मते आहेत. एप्रिलमध्ये परीक्षा असतात, तेव्हा डिसेंबर बरा, असे आम्हास वाटते. सूचना लेखी स्वरूपात कार्यकारिणीकडे दिली आहे. सभासदांनी आपले म्हणणे वार्षिक सभेपूर्वी चिटणिसांकडे पोचते करावे. विरोधी मत असेल तर ते जरा सविस्तर लिहावे, पुढच्या अंकात आम्ही ते काटछाट न करता छापू.